टाकीतलं औषध

वैशाखातल्या एका दुपारी वादळ सुटलं, बाभळीची फांदी तारांवर पडली आणि गावाबाहेरची विजेची डीपी मोठा आवाज करून जळाली. चाकूर तालुक्यात डीपी जळाली म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. बोअर बंद, चक्की बंद, पंखे बंद; आणि नवी कधी येणार म्हणून लाईनमनला विचारावं तर तोच कपाळाला हात लावतो. गावात ज्याला त्याला आपापली पडली होती. शिवकांताला फ्रिजची पडली होती.

"आवो, लाईट गेली. आत माझी इंजेक्शनं हायेत की," ती दारातूनच नवऱ्याला म्हणाली.

"ठावं हाय मला," राजशेखर म्हणाला. तो नुकताच बाहेरून आला होता आणि रांजणापाशी कोपरापर्यंत हात घासून धूत होता. "तू दार उघडू नको फ्रिजचं. थंडी जाती."

राजशेखर म्हणजे आसपासच्या पाच-सहा गावांतला गाई-म्हशी भरवणारा, म्हणजे कृत्रिम रेतन करणारा माणूस. म्हैस माजावर आली की लोक त्याला फोन करायचे आणि तो मोटारसायकलला छोटी टाकी बांधून निघायचा. रीतसर शिकून आलेला होता, हात हलका होता, आणि त्यानं भरवलेली म्हैस सहसा उलटून पुन्हा माजावर येत नसे. लोक त्याला डॉक्टरसाब म्हणत. तालुक्याच्या खऱ्या डॉक्टरांना ते रुचत नसे; त्याला मात्र फार रुचे आणि तो ते लपवतही नसे.

शिवकांताचं दुखणं तीन-चार वर्षांचं. आधी बोटं आखडली, मग मनगटं, मग गुडघे. सकाळी उठली की हात हातच नसल्यासारखे. सुजलेले, गरम, मूठ वळेना आणि वळली तर उघडेना. आंघोळ करून गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजेला बसावं, तर तळहात सपाट होत नव्हता. लिंग घसरू नये म्हणून सासू खालून हात धरायची. लातूरच्या मोठ्या दवाखान्यातल्या उज्वला मॅडमनी सांगितलं होतं, हा आमवात आहे, शरीर स्वतःच्याच सांध्यांवर उठलंय. आठवड्यातून एकदा घ्यायच्या गोळ्या झाल्या, पण ठणका हटेना. मग मॅडमनी एका नव्या इंजेक्शनाचं नाव लिहून दिलं. चाकूरच्या मेडिकलवाल्यानं चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली आणि हे आपल्याकडं येत नाही म्हणून परत दिली. शेवटी मॅडमनीच एका संस्थेकडून ते तिच्या नावावर मंजूर करून आणलं. त्यासाठी छातीचा फोटो, रक्त, आधार कार्ड आणि लातूरच्या इतक्या चकरा झाल्या, की एसटीचा कंडक्टर तिला न विचारता तिकीट फाडायला लागला.

आणि ते औषध लागू पडलं! पंधरा दिवसांतून एक सुई, पोटाच्या कातडीत. पहिल्या काही सुया लातुरातच झाल्या. दुसऱ्या सुईनंतर एका सकाळी शिवकांतानं परातीत पीठ घेतलं आणि भाकरी थापली. वाकडीतिकडी, कडा फाटलेली, पण आपल्या हातानं थापलेली. सासू पारूबाई चुलीपाशी बसली होती. तिनं भाकरी उलटून पाहिली आणि पदरानं नाक पुसलं. पुढं महिनाभर शिवकांतानं म्हैस पिळली, केस विंचरले, लुगडी धुतली. इतकी कामं उपसली की राजशेखर चिडवायचा, "अगं, पाव्हण्याच्या घरी आल्यासारखी कामून पळापळ करायलीस? घर तुजंच हाय."

दर पंधरा दिवसांनी लातूर गाठायचं तर त्याचा अख्खा दिवस जायचा आणि माजावर आलेल्या म्हशी काही थांबत नसत. म्हणून मग त्यानंच दवाखान्यात विषय काढला, की सुई घरी देऊ का. सिस्टरनं विचारलं, तुम्हाला जमेल? त्यावर तो असा काही हसला, की सिस्टरलाही हसू आलं. "म्याडम, जी लाथ मारत न्हाई तिला इंजेक्शन द्यायला काय लागतंय?" सिस्टरपुढं रांग होती. तिनं थर्माकोलच्या डब्यात औषधानं आधीच भरलेल्या काचेच्या सिरिंजा दिल्या आणि दोनदा बजावलं, "थंड ठेवा बरं का. थंडच राहिलं पाहिजे." शिवकांतानं डबा गाडीत मांडीवर घेतला आणि तान्ह्या लेकराला घेतात तसा घरी आणला.

आणि आता डीपी जळाली होती.

दिवेलागणीपर्यंत राजशेखर फ्रिजभोवती घुटमळला. मग त्यानं दार उघडून आत हात घातला. बर्फ वितळून पाणी खाली आलं होतं.

"हे काय खरं न्हाई," तो म्हणाला. "उद्या उकडून जाईल सगळं."

"मग शरणप्पाच्या दुकानात ठिवू का? त्यांच्याकडं जनरेटर हाय."

"आइस्क्रीमच्या पेटीत? दिवसभर पोरं उघडझाप करतेत तिची. ते काय थंड असतंय?" तो दोन पावलं चालला आणि थांबला. त्याचा चेहरा एकदम उजळला. "आगं, आपल्या घरात थंडीची खाण हाय आन् आपून गावभर हिंडायलोय!"

पलंगाखालून त्यानं मोठी टाकी पुढं ओढली. ॲल्युमिनियमची, पोट मोठं, गळा अरुंद, वर बुचासारखं झाकण. आत द्रवरूप नायट्रोजन. वळूच्या रेताच्या बारक्या कांड्या त्यात वर्षानुवर्षं जिवंत राहायच्या. लाईट असो नसो, या टाकीच्या पोटातली थंडी जात नाही, हे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं सांगायचा. त्यानं झाकण काढलं तसा पांढरा धूर गळ्यातून बाहेर आला आणि जमिनीवर उतरला. पारूबाई पाय वर घेऊन बसली.

त्यानं काम मात्र फार निगुतीनं केलं. काच तडकू नये म्हणून औषध नायट्रोजनात बुडवलं नाही. प्लास्टिकमध्ये गुंडाळून, दोरा बांधून, गळ्याच्या आत अधांतरी लटकवलं. दोऱ्याचं टोक बाहेर कडीला बांधलं.

"आता ब्रह्मदेव आला तरी हे खराब होत न्हाई," तो म्हणाला.

शिवकांताचा जीव भांड्यात पडला. आपला नवरा गावातल्या इतरांसारखा नाही, त्याला अशा गोष्टींतलं कळतं, याचा तिला त्या क्षणी खरोखर अभिमान वाटला.

सुईचा दिवस आला तेव्हा त्यानं दोरा ओढून औषध बाहेर काढलं. ते पांढरंफटक झालं होतं. त्यानं वाटीत कोमट पाणी घेतलं, कांडी वितळवताना घ्यायचा तसा बोट बुडवून त्याचा अंदाज घेतला आणि औषध त्यात धरलं. हळूहळू ते पुन्हा पाण्यासारखं झालं. मग त्यानं तिच्या पोटाची कातडी चिमटीत धरली आणि सुई दिली. तिला कळलंसुद्धा नाही, इतका त्याचा हात हलका.

पंधरवडा गेला. नवी डीपी आली, गावानं तिला नारळ फोडला. राजशेखरनं औषध मात्र टाकीतच राहू दिलं. लाईटचा काय भरवसा? पुढच्या महिन्यातल्या सुयाही लातूरहून आल्या आणि थेट टाकीत गेल्या.

आणि शिवकांताचे हात पुन्हा आखडू लागले.

आधी तिनं ते कुणाला सांगितलं नाही. हवेनं असेल, कामानं असेल, असं स्वतःला समजावलं. मग एका सकाळी म्हैस पिळताना सडावरची बोटं मिटेनात. म्हशीनं वळून पाहिलं आणि पाय उचलला. चरवी कलंडली, दूध शेणात गेलं. पारूबाई काठी टेकत आली, सुनेला एका बाजूला सारून स्वतः उकिडवी बसली आणि राहिलेलं दूध काढलं. सत्तरीच्या बाईचे गुडघे कडकड वाजत होते. "जा, तू पान्याचं बघ," एवढंच म्हणाली. पाण्याचंही काय बघणार? घागर काखेत घेता येत होती, पण उचलून ठेवता येत नव्हती.

दिवस तसेच चालले. आषाढ लागला, सोयाबीनमध्ये खुरपायला बायका निघाल्या. शिवकांताला खुरपं धरवत नव्हतं, तरी बांधावर भाकरी घेऊन जायची आणि उन्हात बसून राहायची, घरात बसवत नाही म्हणून. बायका तिच्याकडं बघून हळू आवाजात बोलायच्या. पोलक्याच्या गुंड्या सासू लावायची. शेजारच्या घरी बारशाला गेली, तेव्हा ओटी भरताना ओंजळीतून तांदूळ सांडले, आणि ती घरधनीण मोठ्यानं म्हणाली, "राहू द्या शिवकांताबाई, तुमच्यानं व्हायचं न्हाई." चांगल्या मनानंच म्हणाली. पण शिवकांताला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"औषध लागू पडना झालंय," ती राजशेखरला म्हणाली.

"आसं कसं? आधी लागू पडलं की."

"आता न्हाई पडत."

"तू मनावर घेतलीस. दम धर जरा." तो चिडून बोलला आणि लगेच तिचा पंजा आपल्या हातात घेऊन एकेक बोट चोळू लागला. बोटं चोळताना तो तिच्याकडं बघत नव्हता. तोही थकला होता. दिवसभर उन्हातान्हात फिरून आल्यावर वैरण टाकायची, पाणी आणायचं, आईनं केलेलं अर्धं कच्चं खायचं आणि हे हात चोळायचे. शिवकांताला त्याची दया आली आणि स्वतःची त्याहून जास्त आली.

लातूरला गेले त्या दिवशी दवाखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. त्यांचा नंबर लागला तेव्हा दुपार कलली होती. उज्वला मॅडमनी तिची बोटं एकेक दाबून पाहिली. शिवकांतानं दात आवळून धरले. मॅडमनी रक्ताचा कागद पाहिला, जुना कागद पाहिला आणि खुर्चीत मागं टेकल्या.

"सूज होती तिथंच परत आलीये. इतकं छान चाललं होतं." त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. "कधी कधी असं होतं बघा. शरीर औषधाला ओळखायला लागतं, मग ते काम करत नाही. सुया वेळेवर घेतल्या ना?"

"एक दिस मागंफुडं न्हाई," राजशेखर म्हणाला.

"ठेवलं कुठं होतं? गोठलं वगैरे नव्हतं ना? कारण हे गोठलं की संपलं. नंतर वितळवून टोचलं तरी ते नुसतं पाणी."

खोलीत पंखा फिरत होता. शिवकांतानं नवऱ्याकडं पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं होतं. त्याला कळलं होतं; आणि त्याच्याकडं बघून तिलाही कळलं. टाकीतून येणारा तो धूर, पांढरंफटक झालेलं औषध, वाटीतलं कोमट पाणी. दोन महिने ती पाणी टोचून घेत होती.

"न्हाई म्याडम," राजशेखर म्हणाला. "फ्रिजातच होतं."

"नक्की?"

"हाव. फ्रिजातच."

मॅडमनी मान हलवली आणि लिहायला घेतलं. "मग आता हे बंद करू. संस्थेला कळवावं लागेल की लागू पडत नाही. म्हणजे तुमच्या नावावरचं दुसऱ्या पेशंटला जाईल. दुसरं एक औषध आहे, पण ते या योजनेत बसत नाही. तोवर जुन्या गोळ्या चालू ठेवू. बघू काय होतं."

शिवकांता वाट बघत होती. आता बोलेल, आता बोलेल. हाच माणूस तिला कुणा बुवाकडं न नेता लातूरला घेऊन आला होता. भावकीत सगळे नको नको म्हणत होते, तेव्हा हाच एकटा तिच्या बाजूनं उभा राहिला होता. तो टेबलाच्या कडेकडं बघत होता. दारात सिस्टर उभी होती, मागं दोन पेशंट आत डोकावत होते. त्यातला एक त्यांच्याच बाजूचा होता, मघाशी बाहेर राजशेखरला डॉक्टरसाब म्हणून हाक मारून गेला होता. मॅडमचं पेन कागदावर सरसर चाललं होतं.

"म्याडम, थांबा," शिवकांता म्हणाली. तिचाच आवाज तिला मोठा वाटला. "फ्रिजात नव्हतं. गावची डीपी जळाली व्हती. ह्यांच्याकडं नायट्रोजनची टाकी हाय, म्हशी भरवायची. तिच्यात ठिवलं व्हतं. पार बर्फ झालतं. मग कोमट पान्यात इतळवलं."

"कुठल्या... कशाच्या टाकीत?" मॅडम म्हणाल्या.

दारातला तो माणूस फिस्कन हसला. सिस्टरनं त्याला बाहेर ढकललं आणि दार लावलं. राजशेखर उभाच होता. जनावरं भरवून आल्यावर हात धुवायला उभा राहतो तसे त्याचे दोन्ही हात अंगापासून दूर होते, जणू आता कशालाही लावायचे नव्हते.

मॅडमना राग आला होता, पण तो कुणावर काढावा हे त्यांना समजत नसावं. त्यांनी सिस्टरकडं पाहिलं. "सिंधु, आपण काय सांगितलं होतं यांना?"

"थंड ठेवा म्हणून सांगितलं होतं मॅडम." सिस्टरचा आवाज पडला. "किती थंड, ते... रांग होती."

मॅडमनी लिहिलेला कागद फाडला. मग बराच वेळ त्या फोनवर बोलल्या. वाया गेलेल्या सुया संस्था भरून देईल की नाही, ते त्यांच्या हातात नव्हतं. कळवून बघणार होत्या. पण दुसऱ्या एका बाईचं औषध बदललं होतं, तिची एक सुई इथल्या फ्रिजात होती. फोनवरून तिची परवानगी मिळाली. पुढं संस्थेनं दिलं, तर मात्र दर वेळी इथंच यायचं. घरी न्यायचं नाही.

"ईन की," शिवकांता म्हणाली. "यष्टीनं एकली ईन."

सिंधु सिस्टरनं औषध आणून तिच्या हातात दिलं. "हे थोडा वेळ असंच बाहेर राहू द्या. गरम पाण्यात नाही, उन्हात नाही. आपोआप कोमट झालं की बोलावते."

ती दोघं बाहेरच्या बाकावर बसली. शिवकांतानं औषध मांडीवर पदरात ठेवलं. समोरून स्ट्रेचर जात होती, पोरं रडत होती, चहावाला फिरत होता. राजशेखरनं दोन चहा घेतले आणि एक तिच्यासमोर धरला. तिला कागदी कप धरता येईना, म्हणून त्यानंच तो तिच्या ओठाला लावला. तिनं दोन घोट घेतले आणि तोंड बाजूला केलं. दोन महिने! सासूचे ते वाजणारे गुडघे, सांडलेले तांदूळ, बांधावरची ती उन्हं. ते चुकून झालं होतं, तिला मान्य होतं. ती स्वतःही टाकीकडं कौतुकानंच बघत बसली होती. पण मघाचं ते चुकून नव्हतं.

"आमच्यात गोठलं म्हंजी जगतंय," राजशेखर खालच्या आवाजात म्हणाला. "इतळलं की मरतंय. मला काय ठावं, हे उलटं असतंय..."

तिनं मांडीवरचा पदर सारखा केला.

"शिवकांता."

"ऐकायलेव."

त्यानं चहाच्या कपाची कड कुरतडली. "तू बोलली नसतीस तर मी बोललो नसतो," तो म्हणाला. "खरं सांगायलोय. घरी गेल्यावर बोललो असतो का, तेबी ठावं न्हाई."

"मला ठावं हाय," ती म्हणाली. "म्हनून तर बोलले."

त्याच्या खिशातला फोन वाजला. त्यानं नाव पाहिलं आणि तो वाजतच राहू दिला. डोळे भरून आले होते ते त्यानं खांद्याच्या शर्टाला पुसले. शिवकांताला वाटलं, याच्या पाठीवर हात ठेवावा. पण हात उचलायचा कंटाळा आला, आणि मनातूनही अजून तसं येत नव्हतं. पदरातलं औषध आता गार लागत नव्हतं.

सिस्टरनं आत बोलावलं. शिवकांता खाटेवर बसली, पदर सारून पोटाची कातडी मोकळी केली. सिस्टरनं कापसानं जागा पुसली आणि सहज राजशेखरकडं वळून म्हणाली, "देता का तुम्हीच?" त्यात टोमणा नव्हता. त्याचा हात आपोआप पुढं आला.

"मला दावा," शिवकांता म्हणाली.

"तुम्हाला? अहो, तुमची बोटं बघा की. दट्ट्या दाबवेल का?"

"दावा तर. उद्या मी एकलीच यायलेव. माझं मला कळाया पाहिजे, काय टोचून घ्यायलेव ते."

सिस्टरनं दाखवलं. औषध उजेडाकडं धरून आधी बघायचं, स्वच्छ आहे का. टोपण सरळ ओढायचं. कातडी अशी धरायची. शिवकांतानं औषध खिडकीकडं धरून नीट निरखलं. सुजलेल्या बोटांनी कातडी चिमटीत येईना. दोनदा सुटली, तिसऱ्यांदा आली. तिनं सुई टेकवली आणि आत घातली. राजशेखरच्या हातासारखा तिचा हात हलका नव्हता, चांगलंच दुखलं. दट्ट्यावर अंगठा दाबला तसा ठणका मनगटातून कोपरापर्यंत चढला. डोळ्यांत पाणी आलं. दट्ट्या जेमतेम हलला आणि थांबला. राजशेखर एक पाऊल पुढं सरकला.

"राहू द्या," ती म्हणाली, आणि दट्ट्या तळाला टेकेपर्यंत तिनं अंगठा उचलला नाही.